अकरावा भाग

मनामात, गुदेबियाच्या गल्लीत,
चौथ्या मजल्यावर आमचा टीव्ही.
रमजानची अकरावी रात्र, सिरीयलचा अकरावा भाग.
नाहिद उपास सोडून बसलेली, खजुराची बी अजून गालात.
लिस्सीच्या मांडीवर मेथीची जुडी.
मॅरिबेल ओले केस विंचरत.
आणि मी, श्रीरामपूरची,
गळ्याजवळचं बटण तुटलं म्हणून युनिफॉर्मला पिन लावत.
नाहिदची आणि माझी ड्यूटी अकराला.

पडद्यावर दार लागलं.
आधी कडी दिसली, मग बांगडी, मग पाठ.
मॅरिबेलने आवाज बंद केला.
खालची अक्षरं मात्र सांगत राहिली:
काच. हुंदका. व्हायोलिन.

लिस्सी म्हणाली, बघा, कॅमेरा कुठे उभाय?
त्याच्या खांद्यामागे.
तिच्या जागेवरून ती खोली कशी दिसते
ते कुणी विचारलंच नाही तिला.
आणि उजेड बघा मेला, मधासारखा सोडलाय,
साड्यांच्या जाहिरातीत सोडतात तसा.

नाहिद उसळली.
दाखवायचं नाही, मग काय झाकायचं?
झाकता झाकता माझी अख्खी आळी म्हातारी झाली.
माझी मावशी, साठीची,
अशीच एक सिरीयल बघता बघता उठली,
गॅस बंद केला
आणि म्हणाली, माझंही असंच झालं होतं.
टीव्ही नसता तर कबरीत घेऊन गेली असती.

यावर काय बोलणार?
काड्या एकीकडे, पानं एकीकडे,
एवढं सोपं असतं तर.

मी म्हटलं, माझा राग त्या वळावर आहे.
सहाव्या भागापासून तिच्या दंडावर जांभळाच,
काजळाला शोभेल असा.
खरा वळ एका रंगावर थांबत नाही.
लाल, मग निळा, मग कडेकडेने हिरवट,
आठवड्याने पिवळा,
हळद लागल्यासारखा.

मॅरिबेल एवढा वेळ गप्प.
नर्सिंगचे कागद मान्य होईपर्यंत
ती दोन वर्षं इथल्याच एका घरात कामाला होती.
म्हणाली, मी आवाज बंद केला तो घाबरून नाही.
व्हायोलिन खोटं आहे.
तेव्हा फक्त एसी ऐकू येतो.

मग कुणी काही बोललं नाही.
सरबताची जाहिरात लागली.
उद्याच्या भागाची झलक लागली:
तो समुद्राकाठी रडतोय,
पुढून, बाजूने, वरून.
तिच्या वाट्याला एकही वाक्य नाही.

रात्री दोन चाळीसला एक बाई आली.
अबायाचा गळा एका मुठीत आवळलेला.
मी फॉर्म काढला.
त्यावर बाईची छापील आकृती, एकदा पुढून, एकदा मागून.
तिला चेहरा नसतो.
आपण फुल्या मारत जायच्या.

काय झालं, नाहिदने अरबीत विचारलं.
ती म्हणाली, अकरावा भाग बघितलात?

नाहिदने माझ्याकडे बघितलं.
जिंकल्यासारखं नाही.

तिच्याजवळ तेवढंच होतं, उसनं,
आणि उसन्याच्या पुढे तो रडत होता.
फॉर्मवर खाली एक रकाना असतो,
रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत.
पेनाचं टोपण काढून मी थांबले.
नाहिदही थांबली.
एसी चालू होता. मी उठून बंद केला.
सहरला उठवणारा ढोल लांबून आला,
खिडकीखालून गेला.

मग तिने विचारलं,
सेफ्टी पिन आहे का कुणाकडे?

गळ्याजवळची काढून दिली.
तिची मूठ सुटली,
बोटं बराच वेळ सरळ होईनात.

रकान्यात तेवढंच लिहिलं:
दोन पंचावन्न. सेफ्टी पिन मागितली.